कातळावरच्या माशीचं नाव

सर, मी हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. कॉलेजच्या अंकात तुमच्यावर लिहायला मोठी माणसं आहेत. प्राचार्यांनी लिहिलंय, तुमच्या बरोबरीच्या प्राध्यापकांनी लिहिलंय, आणि त्यांच्या लेखांत तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी सगळं नीट आलंय. मला त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गेलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हणत चार पानं लिहायची, हे मी कधी केलेलं नाही, आणि करावं का तेही कळत नाही. शिवाय माझ्या लिहिण्यातलं 'अतिशय' तुम्ही दर वेळी लाल शाईनं खोडायचात. "अतिशय म्हणजे किती रे? मिलिमीटरमध्ये सांग." आता खोडणारं कुणी नाही, म्हणून जपून लिहितो.

मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. त्या माशीबद्दल. तुम्हाला तिचं नाव हवं होतं, आणि त्याहून जास्त हे जाणून घ्यायचं होतं की तिला पकडू दिलं नाहीत ते बरोबर केलंत की चूक. शेवटचा भेटलो तेव्हा या दोन्हींचं खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. एक खोटं उत्तर मात्र तयार होतं. ते मी दिलं नाही, आणि तेव्हापासून माझं मन जाग्यावर नाही.

भीमाशंकरला आपली सहल गेली तेव्हा पाऊस नुकता उघडला होता, तरी झाडांतून पाणी गळतच होतं. आम्ही शिरूरकडची पोरं. बोडके माळ, ऊस आणि कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड बघत वाढलेली. एवढी ओल आम्ही बघितलेली नव्हती. वर्गात तुम्ही पुस्तकी बोलायचात. जंगलात शिरलात की तुमचं दौंडचं बोलणं सुटायचं. पायवाटेवर थांबून तुम्ही म्हणालात, "दौंडच्या पुलाखालनं जी भीमा जाती ना, ती हिथनं निघती. तिथं तुम्ही कचरा टाकताच, हिथं तरी टाकू नका."

ओढ्याच्या कडेला शेवाळानं भरलेला कातळ होता. ती पहिल्यांदा दिसली अक्षयला.

"आयला, डासाचा बाप! सर, डेंगू!" असं ओरडत त्यानं पायातली चप्पल हातात घेतली.

"चप्पल खाली!"

तुम्हाला ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळे जागच्या जागी उभे राहिले. कातळावर ती पाय पसरून बसली होती. माझा तळहात तिच्यावर ठेवला असता तरी पायांची टोकं बाहेर राहिली असती. पाय वाळक्या गवताच्या काड्यांसारखे, पंख धुरकट आणि काचेसारखे. एक पाय आधीच तुटलेला होता.

"डास न्हाई ती," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "चावायला लागतं तसलं तोंडच न्हाई तिला."

"मग काय आहे सर?"

"थांब. एकदा नाव घेतलं की कुणी बघत न्हाई. आधी बघा."

तुमची ती पद्धत आम्हा सगळ्यांना पाठ होती. किडा सापडला की आधी प्रत्येकानं एकेक दिसलेली गोष्ट सांगायची. आधी कुणी सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत नाव कुणी काढायचं नाही. कुणी पाय सांगितले, कुणी पंखांच्या शिरा. माझी पाळी आली तेव्हा सोपं सगळं संपलं होतं. मी गुडघ्यावर बसलो, श्वास धरला आणि बघत राहिलो. तिच्या पाठीवर एक रेघ होती, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. ती मी सांगितली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मग पंखांच्या मागच्या दोन बारीक दांड्या, टोकाला गाठ असलेल्या, तुम्ही स्वतः दाखवल्यात आणि मग म्हणालात, "क्रेन फ्लाय."

अक्षयनं विचारलं, "क्रेन म्हंजी ती माल उचलायची हायड्रा का, सर? आमचे अप्पा सणसवाडीत चालवतात ती?"

"क्रेन म्हंजी लांब पायांचा पक्षी, बाबा. पण अप्पांना सांग, तुमच्या नावाची माशी भीमाशंकरला हाय म्हणून."

सगळे हसले. मग तुम्ही म्हणालात, "पण हे झालं आडनाव. या आडनावाची हजारो घरं हायेत. हिचं नाव काय, ते शोधायचं." असं म्हणून तुम्ही चिखलात पालथे पडलात आणि फोटो काढायला लागलात. मी तिच्या शेजारी फूटपट्टी धरून होतो. तिला ती लागू देत नव्हतो, कारण हिचे पाय नुसत्या धक्क्यानं गळतात असं तुम्ही आत्ताच सांगितलं होतं. पोटाचं टोक शेवाळाच्या आड होतं. गवताच्या काडीनं शेवाळ जरा बाजूला करू का, असं मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात.

आणि मग मी दुसरं विचारलं. माझ्या खिशात बाटली होती.

"सर, धरू?"

"न्हाई."

"सर, फोटोवरून नाव निघत नाही असं तुम्हीच सांगितलंय. हातात किडा पाहिजे."

"परवानगीच्या कागदावर काय लिहिलंय?"

"निरीक्षण."

"मग निरीक्षण कर."

वनखात्याचे गार्डदादा पुढं निघून गेले होते. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी बाटली परत खिशात घातली. एवढ्यात ती उडाली. उडाली म्हणजे काय, पाय लोंबकळत, वाऱ्यानं ढकलल्यासारखी ओढ्यावरून पलीकडं गेली आणि झाडोऱ्यात दिसेनाशी झाली.

परतीच्या गाडीत मंचर येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. मंचरला चहाला उतरलो तेव्हा तुम्ही दोन कप घेऊन आलात.

"रुसलास व्हय?"

मी म्हणालो, "सर, तुम्ही वर्गात आणता त्या जुन्या इंग्रजी पुस्तकातले सगळे किडे टाचणीवरचेच होते. त्या लोकांनी पकडले म्हणून तर पुस्तक झालं."

"खरंय."

"मग?"

"मग काय. त्यांच्याकडं परवानगी असल. नसली तर त्यांचं त्यांच्यापाशी. मी एवढी पोरं घेऊन आलोय. आज माझ्यासमोर एक बाटलीत गेली, तर पुढच्या सहलीला प्रत्येकाच्या खिशात बाटली येणार."

"एकीनं काय झालं असतं, सर?"

तुम्ही कप रिकामा केलात. "ते मला म्हाईत न्हाई," म्हणालात आणि गाडीकडं निघालात.

वादात हरायला लागलं की लोक आवाज वाढवतात. तुम्ही 'माहीत नाही' म्हणायचात, आणि मला त्याचा राग यायचा. तरी खरं सांगायचं तर मी तुमच्याकडं आलो ते याच शब्दामुळं. पहिल्या वर्षी तुम्ही वर्गात एक बाटली फिरवली होती, आत कसलीशी अळी. सगळे काहीबाही नावं ठोकत होते. माझ्याजवळ बाटली आली तेव्हा मी ती उलटसुलट करून बघितली. केंदूरच्या शाळेतनं आलेलो, इंग्रजी नावं वाचायलाही अडखळायचो. मी म्हणालो, "सर, मला माहीत नाही." मागच्या बाकांवर हशा पिकला. तुम्ही म्हणालात, "मलाही नाही. आज या वर्गात खरं बोललेले आपण दोघंच." त्या दिवशी मी शिक्रापूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीवर आलो आणि आईला सांगितलं की मी आता हाच विषय घेणार. आई म्हणाली, "किडं बघायला कालेजात जायाचं व्हय रं? किडं तर आपल्या मोरीत पन हायेत." पण तिच्या आवाजात नकार नव्हता.

तुमचं दुखणं आम्हाला उशिरा कळलं. आधी तुम्ही आठवड्यातून एखादा दिवस यायचे बंद झालात, मग शिरूरला कॉलेजात येणंच थांबलं. पुण्याच्या हॉस्पिटलातून तुम्हाला दौंडला घरी आणलं तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो. शिक्रापूरहून न्हावरा, चौफुला करत. तुमचं घर रेल्वेलाइनच्या इतकं जवळ की मालगाडी गेली की खिडकीची तावदानं खडखडायची आणि बोलणं थांबवावं लागायचं. तुमचे पाय सुजलेले होते, चेहरा मात्र निम्मा झाला होता. मी काय बोलावं ते ठरवून आलो होतो, आणि ते सगळं विसरलो. तुम्हीच विचारलंत, "आपल्या माशीचं काय?"

त्या दिवशी आपण दोघांनी मिळून मेल लिहिली. दुसऱ्या राज्यातले एक तज्ज्ञ या माश्यांवर काम करतात, त्यांचा पत्ता तुम्ही शोधून ठेवला होता. वाक्यं तुम्ही सांगायचात, मी मोबाईलवर टाइप करायचो, आणि माझं इंग्रजी बघून तुम्ही दुखण्यातही हसायचात. त्यांचं उत्तर लवकर आलं, पण दोनच ओळींचं. नमुना आहे का? नसेल तर पोटाच्या टोकाचा स्पष्ट फोटो आहे का?

नमुना नव्हता. परवानगी नव्हती म्हणून पकडला नाही, असं तुम्ही सरळ लिहायला लावलंत. आणि टोकाचा फोटोही नव्हता. तुम्ही काढलेल्या सगळ्या फोटोंत टोक शेवाळाच्या आड.

मी आपल्या पोरांच्या ग्रुपवर विचारलं. कुणाकडंच नव्हता. मग संध्याकाळी अक्षयचा फोन आला, लाजत लाजत. तुम्ही चिखलातून उठून कपडे झटकत होता, तेवढ्यात त्यानं कातळाच्या दुसऱ्या बाजूनं सेल्फी काढला होता, 'डासाचा बाप आणि मी'. त्याच्या हसऱ्या तोंडाच्या कडेला ती, आणि तिचं टोक उघडं, बऱ्यापैकी साफ. तो फोटो तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही इतके हसलात की काकूंनी येऊन तुम्हाला पाठीशी उशी दिली. "अक्षयचे दात काप आन् बाकीचं पाठव," तुम्ही म्हणालात. "दातांवरनं त्याची जात कळायची."

तो फोटो पाठवला, आणि उत्तर यायचं थांबलं.

इथून पुढचं लिहिणं मला जड जातंय.

मी जमेल तसा येत होतो. दारात पाऊल टाकलं की तुमचा पहिला प्रश्न, "आलं का?" आणि माझं, "नाही, सर." सुरुवातीला तुम्ही म्हणायचात, "कामात असतील." मग म्हणायचात, "बरं." मग काहीच म्हणेनासे झालात, नुसते बघायचात, आणि मी मान हलवायचो. बसमध्ये मी पुन्हा पुन्हा मेल उघडायचो. न्हावऱ्यापाशी रेंज जायची, तेव्हा वाटायचं, आत्ता येऊन अडकली असेल. चौफुल्याला रेंज यायची, आणि काही नसायचं. मी तज्ज्ञांना दोनदा आठवणही करून दिली. माझ्या इंग्रजीत ती उद्धट वाटली असेल का, याचीही मला भीती वाटत राहायची.

एकदा तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज खूप बारीक झाला होता.

"सुमेध, धरायला पाहिजे होती का रे?"

मी गप्प राहिलो. सर, मला वाटत होतं, हो. धरली असती तर नाव केव्हाच मिळालं असतं. तुम्ही तुमचा शब्द पाळलात, कागदावर लिहिलेला एक शब्द, आणि त्याची किंमत ही की आता अंथरुणावर पडून तुम्ही रोज दाराकडं बघताय. हे मी तुम्हाला कसं सांगणार होतो? आणि 'नाही सर, बरोबर केलंत' असंही तोंडातून निघेना. मालगाडी आली. तावदानं वाजायला लागली. मला बरंच वाटलं, कारण तेवढा वेळ बोलता येणार नव्हतं. गाडी गेल्यावरही तुम्ही वाट बघत होता. मी तुमच्या पायावरची चादर सरळ केली.

त्यानंतरच्या खेपेला काकूंनी मला दारातूनच स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं. गॅसवर तुमची पेज होती.

"सुमेध, डॉक्टरांनी आता काही सांगायचं ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसरं काही सुचत नाही. मुलीचं विचारत नाहीत, घराचं विचारत नाहीत. रात्रंदिवस ती माशी. तू त्यांना एक नाव सांगून टाक."

"काकू, उत्तरच आलेलं नाही."

"ते मला कळतंय रे. तुला दहा नावं येत असतील. त्यातलं एक सांग. आलं म्हण. तुम्ही धरली नाहीत तरी फोटोवरनं निघालं म्हण. त्यांचा जीव शांत होईल."

"पण काकू..."

"कोण तपासायला जाणार आहे? खोटं बोलायला मी सांगतेय. देवासमोर मी उभी राहीन त्याचा जाब द्यायला, तू नको."

त्यांचा हात पळीवर होता आणि पळी पातेल्याच्या काठावर वाजत होती. तुम्ही सांगायचात की तुमच्या घरात खोटं चालत नाही, काकू रविवारची चर्चमधली उपासना कधी चुकवत नाहीत. तीच बाई माझ्यासमोर हे मागत होती. मी "बरं" म्हणालो. खरंच म्हणालो, सर. आणि माझ्याकडं नाव होतं. त्या माश्यांच्या एका यादीतलं, जंगलाशी जुळणारं, मोठ्या आकाराचं. बसमध्ये ती यादी इतक्या वेळा वाचली होती की ते नाव मला न अडखळता म्हणता येत होतं.

मी तुमच्याजवळ येऊन बसलो. काकू दारात उभ्या राहिल्या. तुम्ही डोळे उघडलेत.

"आलं का?"

नाव माझ्या जिभेवर होतं. मी तोंडही उघडलं. आणि तुम्ही उठायचा प्रयत्न केलात. मला वाटतं, तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून ओळखलंत की आज काहीतरी आहे. तुमच्या डोळ्यांत एकदम इतकी आशा आली की मला ती सहन झाली नाही. या माणसानं वर्गातल्या एका नवख्या पोराला 'माहीत नाही' म्हणायला शिकवलं, आणि त्याच्याच शेवटच्या प्रश्नाला मी पाठ केलेलं नाव देणार. मला वाटलं, तुम्ही मला विचाराल, "कशावरून?" तुम्ही नेहमी विचारायचात. आणि मग मी दुसरं खोटं बोलेन, आणि तिसरं.

"नाही आलं, सर," मी म्हणालो.

तुम्ही परत उशीवर टेकलात. तोंड भिंतीकडं केलंत. मी बराच वेळ थांबलो, तुमच्या पाठीकडं बघत. मला अजून माहीत नाही, तुम्हाला वाईट वाटलं की बरं वाटलं. राग आला की झोप लागली. काकूंनी नेहमीसारखा चहा आणला नाही. निघताना "येतो काकू" म्हणालो, तर त्यांनी नळ सोडला.

पुढच्या खेपेला यायच्या आधीच निरोप आला.

दौंडच्या दफनभूमीत मी आणि अक्षय भिंतीपाशी उभे होतो. आम्हाला तिथलं काही माहीत नव्हतं. हात जोडायचे की नुसतं उभं राहायचं, माती टाकायला आपण पुढं जायचं की नाही. पाळकसाहेब प्रार्थना म्हणाले, लोकांनी गीत म्हटलं. अक्षय, जो कशावरही विनोद करतो, तो हुंदके देत होता. मला रडू आलं नाही. मग लोक पांगायला लागले तेव्हा काकू माझ्यासमोर आल्या. मोठ्यानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "एक नाव मागितलं होतं तुझ्याकडं. तेवढं जड झालं तुला." आणि मुलीच्या हाताला धरून त्या गेल्या.

आईला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती भाकरी थापता थापता थांबली. "जाणाऱ्या मानसाला व्हय म्हनायचं असतं, बाळा," ती म्हणाली. "तुझा आज्जा जाताना इचारत व्हता, पाऊस आला का. आला म्हन्लं आमी. कुठं आला व्हता? पन शांत गेला." मी म्हणालो, "आई, सर तसे नव्हते." ती म्हणाली, "समदी तशीच असत्यात, येळ आल्यावर." दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीतनं आले होते, हातपाय धूत होते. ते म्हणाले, "त्याला नको बोलू. त्यानं जे केलं ते त्याच्या मास्तरांनीच शिकवलंय." पण दादांनी तुम्हाला कधी बघितलेलं नाही.

तर सर, हा आपला अर्धवट राहिलेला वाद. मंचरला चहा पिताना सुरू झालेला. तेव्हा मी म्हणत होतो, एकीनं काय होतं, आणि तुम्ही ठाम होता. शेवटी उलटं झालं. तुम्ही विचारत होता, चुकलं का, आणि एका खोट्या शब्दानं काय होतं, असं मला सगळे सांगत असताना मी ठाम राहिलो. हे मी तुमच्याकडनं शिकलो की नुसता हट्ट केला, मला सांगता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत ते माझ्यावर विश्वास होता म्हणून. कधी वाटतं, मी तुमचा शेवटचा आनंद स्वतःच्या चांगुलपणासाठी वापरला. कॉलेजात सगळे म्हणतात, तू सरांचा लाडका होतास. तेव्हा मान खाली जाते.

तुमचे आभार मानायचे राहिले. ते कुणी जिवंतपणी मानतं का? शिक्रापूरच्या चौकात ट्रकच्या रांगेत बस उभी असते, आणि मी खिडकीच्या काचेवर बसलेल्या साध्या माशीकडं बघत बसतो. तिच्याही पंखांमागं आता मला त्या दोन दांड्या दिसतात. पूर्वी मी नुसता हात झटकला असता. एवढं एक मला आलं. बाकी काय देऊन गेलात ते कळायला वेळ लागेल.

इथपर्यंत लिहून मी लेख संपवला होता, आणि उद्या अंकासाठी द्यायचा होता. आज दुपारी खोलीवर असताना मेल आली. ते तज्ज्ञ एवढे दिवस ईशान्येकडच्या जंगलात होते, तिथं फोनच लागत नव्हता, म्हणून त्यांनी आधी दिलगिरी व्यक्त केलीय. तुम्ही गेलात हे त्यांना माहीत नाही. मेल तुम्हालाच लिहिलेली आहे. मी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग आईला मराठीत सांगितली, तशीच इथं लिहितो.

ते म्हणतात, पंखांच्या शिरा आणि पाठीचे फोटो चांगले आले आहेत. आपण मेलमध्ये अंदाजानं लिहिला होता तो टिप्युला वंश नाही. हा होलोरुसिया, याबद्दल त्यांना शंका नाही. पण कडेच्या त्या कापलेल्या फोटोत पोटाचं टोक निमुळतं दिसतंय, म्हणजे ही मादी आहे. या माश्यांची नेमकी जात नराच्या टोकाची रचना बघून ठरवतात. मादीवरून ते कुठलंही नाव देणार नाहीत, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर तुम्ही मानू नका. मग थोडी जागा सोडून खाली त्यांनी एक ओळ वेगळी लिहिलीय: तुम्ही ती पकडून माझ्या टेबलावर आणून ठेवली असती, तरी माझं उत्तर हेच असतं.